पट वीसच्या आत गेला, शाळा बंद होणार? गावाने काय करायचं, कायदा काय सांगतो

जिल्हा परिषदेच्या शाळेला एका दिवसात कुलूप लागत नाही. आधी एका गुरुजींची बदली होते आणि त्यांच्या जागी कोणी येत नाही. मग केंद्रप्रमुख येऊन जवळची दुसरी शाळा किती लांब आहे, याची माहिती लिहून नेतात. पुढे एखाद्या एप्रिलमध्ये पालकांना कळतं, की जूनपासून पोरांनी शेजारच्या गावात जायचं. गाव जागं होतं ते या टप्प्यावर. तोवर कागद केंद्रावरून तालुक्याला आणि तालुक्यावरून जिल्ह्याला पोहोचलेला असतो.

वाड्या, तांडे, पाडे आणि धरणग्रस्तांच्या वसाहती, जिथे चौथी किंवा पाचवीपर्यंतच शाळा आहे, तिथे ही टांगती तलवार कायमची. पण शाळा वाचवता येते. त्यासाठी मोर्चा लागतो, तसा त्याच्या आधी हिशोबही लागतो. पोरं किती, अंतर किती, रस्ता कसा आणि कागदाची पोच कुठे, हे सगळं गावाच्या हातात हवं.

वीसचा आकडा आला कुठून

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. लोक त्याला आरटीई म्हणतात. खासगी शाळेतल्या २५ टक्के मोफत प्रवेशांमुळे हे नाव घरोघरी पोहोचलं, पण या कायद्याचा गाभा वेगळा आहे. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला घराजवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे आणि तशी शाळा उपलब्ध करून देणं हे सरकारचं व स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे.

घराजवळ म्हणजे किती, ते महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत आहे. पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर. त्याच नियमात वीसचा आकडा येतो. ६ ते ११ वयाची, शाळेत यायला तयार असलेली किमान २० मुलं त्या भागात असावीत, असं तिथे म्हटलं आहे.

हा नियम नीट वाचायला हवा. तो शाळा कुठे काढायची, हे सांगणारा आहे. चालू शाळेचा पट २० च्या खाली गेला की ती बंद करा, असं त्यात लिहिलेलं नाही. दुसरं असं, की त्यात मोजायची आहेत ती परिसरातली उपलब्ध आणि यायला इच्छुक मुलं. आज हजेरीपटावर किती नावं आहेत, हा वेगळा आकडा झाला. गावात ६ ते ११ वयाची २६ मुलं असतील आणि त्यातली १४ पिवळ्या गाडीतून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जात असतील, तर पट १२ दिसतो. त्या १४ पैकी आठ पालकांनी 'आमचं मूल गावच्या शाळेत घालायला तयार आहोत' असं लिहून दिलं, की गावाची बाजू एकदम बदलते.

आतापर्यंत काय काय घडलं

डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने १० पेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवायचं ठरवलं. त्यावर मोठा गदारोळ झाला. पुढे २०२२ मध्ये २० पर्यंत पट असलेल्या शाळांची माहिती मागवली गेली. तेव्हा समोर आलेला आकडा होता १४ हजारांहून जास्त शाळांचा, आणि त्यांत शिकणाऱ्या सुमारे १ लाख ८५ हजार मुलांचा. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने 'समूह शाळे'चे प्रस्ताव मागवले. आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी, सोयीची शाळा करायची, अशी ही कल्पना. नंदुरबारच्या तोरणमाळचं आणि पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचं उदाहरण त्यासाठी दिलं गेलं.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला, की १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खासगी शाळेला २५ टक्के मोफत प्रवेश देण्याची सक्ती नाही. म्हणजे गरिबाच्या पोराने जवळच्या सरकारी शाळेत जावं. आणि त्याआधी पाच महिने तीच जवळची शाळा दुसरीकडे मिसळण्याचे प्रस्ताव मागवले होते! नियमातला हा बदल मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी रद्द केला.

'बंद' हा शब्द कागदावर नसतो

गावकऱ्यांना चकवणारी खरी गोष्ट इथे आहे. सरकारी पत्रात 'शाळा बंद' असं क्वचितच लिहिलेलं असतं. तिथे 'समायोजन', 'विलीनीकरण' किंवा 'समूह शाळा' असे शब्द असतात. कित्येकदा तर तसंही पत्र नसतं. एक शिक्षक प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे जातो, राहिलेल्या एकाला चार वर्ग, पोषण आहाराचा हिशोब, निवडणुकीचं काम आणि ऑनलाइन माहिती भरणं असं सगळं बघावं लागतं. शिकवणं मागे पडतं, पालक पोरं काढतात, पट अजून घसरतो. मग कार्यालय म्हणतं, पटच नाही तर शिक्षक कसा द्यायचा?

म्हणून शिक्षकाची जागा रिकामी झाली त्याच आठवड्यात अर्ज गेला पाहिजे. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं प्रमाण दिलं आहे. पट १५ असला तरी हाच आधार घेऊन दुसरा शिक्षक मागायचा.

शिक्षकांची पदं ठरतात संचमान्यतेतून आणि संचमान्यता होते ३० सप्टेंबरच्या पटावर. ही तारीख प्रत्येक पालकाला पाठ असावी. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दाखल झालेलं मूल मोजलं जातं. दिवाळीनंतर आलेलं मूल त्या वर्षीच्या हिशोबात धरलं जात नाही. मुलांची नावं यू-डायस आणि सरल पोर्टलवर असावी लागतात, आधार जुळलेलं असावं लागतं. आधारवरच्या नावात एक अक्षर चुकलं, जन्मतारीख वेगळी पडली, की मूल वर्गात बसलेलं असूनही हिशोबातून निसटू शकतं. ४० च्या शाळेत एक-दोन नावं सुटली तर कोणाच्या लक्षात येत नाही, १९ च्या शाळेत त्यावर शिक्षकाचं पद अडतं. शाळा व्यवस्थापन समितीने ऑगस्टमध्येच मुख्याध्यापकांसोबत बसून एकेक नाव तपासलं तर सप्टेंबरअखेरची धावपळ वाचते.

संचमान्यतेचे निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने बदलले. त्यात कमी पटाच्या शाळांमधली, विशेषतः सहावी ते आठवीची पदं धोक्यात आल्याचं सांगत शिक्षकांनी २५ सप्टेंबर २०२४ रोजी सामूहिक रजा टाकून जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढले होते. शिक्षकांचा आणि गावाचा प्रश्न इथे एकच होतो, हे दोघांनीही लक्षात ठेवलेलं बरं. एरवी 'गुरुजी वेळेवर येत नाहीत' आणि 'पालक लक्ष देत नाहीत' यातच दोन्ही बाजूंची वर्षं जातात.

दरेवाडीची पोरं शेळ्या घेऊन गेली

नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात भाम धरण आहे. त्या धरणामुळे दरेवाडी हलली. काही कुटुंबं पुनर्वसनाच्या ठिकाणी गेली, काही मागे राहिली आणि मागे राहिलेल्यांची शाळा बंद झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली मुलं आणि पालक शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर निघाले. घोषणा होती, 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या'. शाळा देणार नसाल तर दप्तर परत घ्या आणि राखायला बकऱ्या तरी द्या, असा त्याचा सरळ अर्थ. ही बातमी राज्यभर गेली, प्रशासनाला दखल घ्यावी लागली आणि दरेवाडीची शाळा पुन्हा भरू लागली.

हे आंदोलन गाजलं त्याचं कारण फक्त शेळ्या नव्हत्या. वाडीतल्या पोराची शाळा सुटली की ते कुठे जातं, हे त्या एका घोषणेत सगळ्यांना दिसलं. मुलगा जनावरांमागे जातो. मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते आणि मग लवकर लग्नाची बोलणी सुरू होतात. ऊसतोडीच्या भागात तर गावात शाळाच नसेल तर आई-बाप मुलाला बरोबर फडावर नेतात, कारण मागे ठेवायला आधार उरत नाही. हंगामी वसतिगृह चालवायचं तरी गावात चालू शाळा लागते.

एक किलोमीटर कोणी मोजायचा

कार्यालयात अंतर नकाशावर मोजलं जातं. नकाशावर ९०० मीटर दिसणाऱ्या वाटेत ओढा असतो, घाट असतो, नाहीतर ट्रक धावणारा महामार्ग असतो. सहा वर्षांच्या पोराला जुलै महिन्यात ती वाट कशी वाटते, हे नकाशा सांगत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात खिरखंडी नावाचं गाव आहे. तिथल्या मुली शाळेसाठी कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत जात आणि पुढे जंगलातून चालत. जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने याची स्वतःहून दखल घेतली. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गंगापूर तालुक्यात भिवधानोरा इथली मुलं जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलवर बसून शाळेला जात होती. तिथेही २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. दोन्ही ठिकाणी शाळा होती, वाटच नव्हती.

म्हणून गावाने अंतर स्वतः मोजावं, पायवाटेने, शेवटच्या घरापासून. लोकेशन आणि वेळ फोटोवर उमटवणारं जीपीएस कॅमेऱ्याचं ॲप आता सरकारी कर्मचारीही वापरतात. त्याच ॲपने पावसाळ्यातल्या ओढ्याचे, मोडलेल्या साकवाचे, रस्त्याच्या वळणाचे फोटो काढून ठेवावेत. मे महिन्यात कोरडा ओढा दाखवून काही सिद्ध होत नाही. राज्याच्या नियमांतही अवघड वाट, दरड, पूर, रस्ता नसणं या गोष्टींचा विचार करून शाळा ठेवावी, असं सांगितलेलं आहे. आणि जिथे शाळा देताच येत नाही तिथे वाहतुकीची किंवा निवासाची सोय करावी असंही आहे. 'वाहतूक भत्ता मिळेल' असं तोंडी सांगितलं गेलं तर गाडी कोणती, किती वाजता, पहिल्या दिवसापासून येणार का आणि भत्ता किती महिन्यांनी खात्यात पडतो, हे लेखी मागावं. ज्या गावची पोरं आधीच असा भत्ता घेतात तिथे एक फोन केला तरी बरंच कळतं.

कागद कुठे द्यायचा

पहिला ठराव शाळा व्यवस्थापन समितीचा. ही समिती नावापुरती नाही. कायद्यानुसार तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे तिचं काम आहे. कोऱ्या इतिवृत्तावर सह्या करून देण्याची सवय इथे महागात पडते. समायोजनाला समितीची संमती आहे, असं त्याच सह्यांवर उद्या दाखवलं जाऊ शकतं. वाचल्याशिवाय सही नाही, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

दुसरा ठराव ग्रामसभेचा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या नेहमीच्या ग्रामसभा. घाई असेल तर विशेष ग्रामसभा मागता येते. ठरावात 'शाळा बंद करू नये' एवढंच लिहून भागत नाही. ६ ते ११ वयाच्या मुलांची संख्या, अंगणवाडीतल्या ३ ते ६ वयाच्या मुलांची संख्या, दुसऱ्या शाळेचं मोजलेलं अंतर, वाटेतला धोका आणि रिकामं पद, हे सगळं आकड्यांसह यावं. अंगणवाडीची नोंदवही तर फारच कामाची. पुढच्या तीन वर्षांत पहिलीला किती मुलं येणार, हे तिच्यात आजच लिहिलेलं असतं. यंदा पट १३ आहे पण अंगणवाडीत ११ लेकरं आहेत, हे दाखवणारं गाव आणि नुसतं निवेदन देणारं गाव, यांच्याकडे अधिकारी वेगळ्या नजरेने बघतात. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत पेसा कायद्यामुळे ग्रामसभेच्या शब्दाला आणखी वजन आहे.

हे ठराव गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांना द्यायचे. प्रत्येक प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोची पोच नसते. त्याच दिवशी माहिती अधिकारात एक अर्ज टाकावा: आमच्या शाळेबाबत पाठवलेला प्रस्ताव, त्यातलं दाखवलेलं अंतर आणि पट याच्या प्रती द्या. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रस्तावात अंतर चुकीचं लिहिलेलं असेल तर ते इथेच सापडतं.

उत्तर आलं नाही तर आरटीई कायद्याचं कलम ३२ आहे. लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे करायची. दोन्ही बाजूंना बोलायची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. निर्णय पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. हा रस्ता बिनखर्चाचा असून फार थोडी गावं वापरतात. त्यानंतर उच्च न्यायालय. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. न्यायालयात निकाल गावाच्याच बाजूने लागेल असं धरून चालू नये. उत्तर प्रदेशात २०२५ मध्ये शाळा जोडण्याविरुद्धची याचिका एका न्यायमूर्तींनी ७ जुलैला फेटाळली आणि २४ जुलैला खंडपीठाने सीतापूर जिल्ह्यापुरती 'जैसे थे' स्थिती ठेवायला सांगितली.

आपलंच पोर कोणत्या शाळेत?

निवेदनावर सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांची मुलं गावच्या शाळेत आहेत, हा प्रश्न कोणताही अधिकारी विचारतो, आणि तो चुकीचा नाही. शाळा वाचवा म्हणून सगळ्यात पुढे बसलेल्या पुढाऱ्याची नातवंडं सकाळी सात वाजता इंग्रजी शाळेच्या गाडीत चढत असतील तर गाव तोंडावर पडतं. पालकांचीही अडचण खरी आहे. एका शिक्षकावर चार वर्ग बघून कोणाचा जीव रमेल? पण गाडीचं भाडं आणि फी भरूनही पोराला धड वाचता येत नाही, हेही कित्येक घरांत दिसतं.

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२२ मध्ये तीन मुलांवर आली होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले, गावकरी सोबत उभे राहिले आणि पट शंभराच्या वर गेला. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, मुलांनी एकमेकांचे 'विषयमित्र' व्हायचं, अशी तिथली पद्धत. २०२५ मध्ये 'टी४ एज्युकेशन' या संस्थेच्या जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत जालिंदरनगरला लोकांच्या मतांवर मिळणारा पुरस्कार मिळाला. त्याआधी शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत याच गुरुजींच्या काळात गावाने शाळेला जमीन दिली, पैसा उभा केला आणि प्रवेशासाठी रांग लागली.

प्रत्येक वाडीला असे गुरुजी मिळणार नाहीत, हे खरं. आणि जिथे मुलंच नाहीत तिथे कोणी काही करू शकत नाही. वाशिम जिल्ह्यातल्या गणेशपूरची शाळा २०२३ मध्ये देशभर बातमीत आली, कारण तिथे एकच विद्यार्थी होता आणि त्याच्यासाठी एक शिक्षक रोज येत होते. सगळं गावच दीडशे वस्तीचं. अशा ठिकाणी मुलाला सोबतीला दुसरं मूल नाही, खेळायला गडी नाही, हेही नुकसानच. मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक, मैदान, प्रयोगाचं साहित्य मिळू शकतं, हे समूह शाळेच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. फक्त क्रम उलटा नको. आधी रस्ता, गाडी आणि तिकडचे वर्ग तयार व्हावेत, दोन पावसाळे गाडी नीट चालावी, मग पालकांना विचारावं. आधी कुलूप आणि गाडीचं नंतर बघू, याला गावाने होकार देऊ नये.

शाळा हललीच तर

कधी कधी सगळं करूनही आदेश निघतो. अशा वेळी घाईने शाळा सोडल्याचा दाखला घेऊन मूल घरी बसवू नये. वयानुसार वर्गात प्रवेश मिळणं हा मुलाचा हक्क आहे, आणि वयाचा कागद नाही किंवा दाखल्याला उशीर झाला म्हणून कोणतीही सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. पहिल्या महिन्यात किती मुलं नव्या शाळेत खरोखर पोहोचली, कितींची हजेरी तुटली, गाडी किती दिवस आलीच नाही, याची तारीखवार नोंद समितीतल्या महिलांनी ठेवावी. शाळा परत मागायची झाली तर ही वही सोबत न्यावी लागेल.

आणि इमारतीचं बघावं. अनेक शाळा गावातल्याच कोणीतरी दिलेल्या जागेवर, लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या आहेत. जागा कोणाच्या नावावर आहे, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर काय नोंद आहे, बक्षीसपत्र झालं होतं की नुसता तोंडी शब्द, हे तलाठी आणि ग्रामपंचायत कार्यालयातून काढून घ्यावं. खोल्या बंद पडल्या की दोन वर्षांत पत्रे जातात, खिडक्या जातात. अंगणवाडी, अभ्यासिका किंवा वाचनालय तिथे भरवायचा ठराव ग्रामसभेने त्याच महिन्यात करून जिल्हा परिषदेची लेखी परवानगी मागावी, म्हणजे शाळेची वास्तू गावाच्या वापरात राहते.